यंत्राने वाचविलेला वेळ

आपल्या बीड जिल्ह्याचा सरकारी कारभार सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत उर्दूतून चाले. तहसिलीतला कागद वाचून घेण्यासाठी शेतकऱ्याला जाणकाराचे दार गाठावे लागे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. कचेरीत मराठी टाईपरायटर खडखडू लागले. कार्बन घालून तीन-चार प्रती एकदम निघत; पण एखादी ओळ गळली की सबंध पान पुन्हा! बोटे आखडलेले कारकून मी पाहिले आहेत. संगणकाने तो त्रास वाचविला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. ही सोय नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न एवढाच, की वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला? एका कारकुनावर दोघांचे काम पडले, तर तो त्याच्या पदरात नाही. ज्याला संगणक चालविता येत नाही तो शेतकरी पुन्हा दुसऱ्याच्याच दारात उभा राहिला, तर त्याच्याही नाही. तेव्हा लिपी आड येई, आज पडदा येतो. यंत्र जरूर घ्यावे. पण हा हिशेब कारकुनाने आणि शेतकऱ्याने मिळून मागावा.