विकतचं नाव, घरचं नाव

महिन्याच्या किराण्यात हॉर्लिक्सची बरणी आणि सर्फ एक्सेलचं पाकीट एकाच पिशवीतून घरी येतात. दोन्ही हिंदुस्तान युनिलिव्हरची. कंपनीच्या ताळेबंदात मात्र या दोघांची पंगत वेगळी.

ग्लॅक्सोस्मिथक्लाइनकडून हॉर्लिक्स हे नाव भारतासाठी विकत घेताना, २०२० मध्ये, कंपनीने ३,०४५ कोटी रुपये मोजले. खरेदी झाली, किंमत ठरली; त्यामुळे ‘अमूर्त मालमत्ता’ या सदरात त्याला जागा मिळाली. सर्फ भारतात १९५९ पासून आहे. २०२२ या एका वर्षात सर्फ एक्सेलची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. तरी मालमत्तेच्या यादीत हे नाव नाही. सर्फच्या जाहिरातीत भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या ललिताजींनी ते घरोघरी पोचवलं, पण त्या जाहिरातींचा पैसा वर्षाचा खर्च म्हणून नफा-तोटा पत्रकातच संपला.

यात लबाडी नाही, नियमच तसा आहे. ‘इंड एएस ३८’ हे लेखा मानक सांगतं, की स्वतः घडवलेला ब्रँड, ग्राहकांची यादी, इतकंच काय, वृत्तपत्राचं शीर्षनावही मालमत्ता म्हणून दाखवायचं नाही. कारण व्यवहारी आहे: धंदा वाढवायला किती खर्च झाला आणि नाव कमवायला किती, हे वेगळं काढता येत नाही. उद्या कुणी सर्फ विकत घेतलं, तर तेच नाव खरेदीदाराच्या वहीत मोठ्या आकड्यानिशी उमटेल.

असली सावधगिरी का लागते, ते किंगफिशर एअरलाइन्सने दाखवलं. विमानं उडत होती तेव्हा सल्लागारांनी या ब्रँडचं मोल चार हजार कोटींच्या वर लावलं होतं आणि बँकांनी तो तारण म्हणून धरला. २०१२ मध्ये विमानं जमिनीवर आली. एप्रिल २०१६ मध्ये स्टेट बँकेच्या पुढाकाराने या ट्रेडमार्कचा लिलाव निघाला. राखीव किंमत ३६६.७० कोटी. बोली एकही आली नाही.

माणसांचं तर आणखी अवघड. यंत्र कंपनीच्या मालकीचं असतं. इंजिनिअर महिन्याची नोटीस देऊन निघून जाऊ शकतो. म्हणून त्याच्या प्रशिक्षणाचा पैसाही खर्चातच जातो. १९८१ मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झालेल्या इन्फोसिसने यावर मधला मार्ग काढला. कर्मचाऱ्यांची पुढची सगळी कमाई आजच्या रुपयांत मांडून त्यांचं मूल्य काढायचं, ही लेव्ह आणि श्वार्ट्झ यांची पद्धत तिने वापरली. तो आकडा वार्षिक अहवालात छापला, पण पुरवणी माहिती म्हणून, मुख्य ताळेबंदाच्या बाहेर.

विकत घेतलेल्या नावालाही सुखाची झोप नसते. ज्याचं आयुष्य ठरवता येत नाही अशा ब्रँडवर घसारा लागत नाही, पण त्याची किंमत टिकून आहे का, हे दरवर्षी तपासावं लागतं. ती घसरली, तर तोटा दाखवावा लागतो. घरच्या नावाला ही परीक्षा नाही. वहीत नाव नसल्याचा तेवढा एक फायदा.