आधी तिला

सिस्टर पाण्याची बाटली पुन्हा भरून आणतात. "पी. अजून पी." सोनोग्राफीसाठी मूत्राशय तुडुंब लागतं, तरच त्याच्या मागची जागा पडद्यावर नीट दिसते. ती निमूटपणे पिते आहे. केसपेपरवर वय बावीस, लग्नाला दीड वर्ष. मोलगीच्या वरच्या अंगाला पाड्यावर घर. भल्या पहाटे जीपमध्ये दाटीवाटीने बसून, देवगोईचा घाट उतरून ही मंडळी अक्कलकुव्याला आली आहेत. बाकावर तिच्या एका हाताला सासू, दुसऱ्या हाताला गावची आशा. नवरा दारात, अर्धा आत अर्धा बाहेर. अंकलेश्वरच्या रस्त्याने ट्रक गुजरातकडे चालले आहेत. त्यांत माणसं, भांडी, पत्र्याच्या पेट्या, एखादी पाय बांधलेली कोंबडी. दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या बार्डोलीकडे निघतात. यांचीही टोळी दोन-चार दिवसांत निघायची आहे, म्हणून आजची घाई.

मी इथे डॉक्टर मैत्रिणीकडे आले आहे. रजिस्टर लिहिणारा मुलगा आज फिरकलेला नाही, तेव्हा टेबलाच्या कडेला बसून नावं-गावं लिहिणं माझ्याकडे आलं आहे.

तक्रार एका ओळीची: पाळी येत नाही. कधीपासून, असं विचारल्यावर सासू हात झटकते. कधीपासून काय, आलीच नाही. एकदाही नाही.

सासूने सोबत कापडी पिशवी आणली आहे. ती टेबलावर पालथी होते आणि गोळ्यांच्या पट्ट्यांचा ढीग पडतो. काही अर्ध्या संपलेल्या, काही न फोडलेल्या. मैत्रीण एकेक उचलून वेगळी ठेवते. पाळी आणायच्या गोळ्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या. लोहाच्या गोळ्या. ताकदीचं टॉनिक. आणि डायक्लोफेनॅक, तेही भरपूर, कारण मधूनमधून ओटीपोटात दुखतं. एका पुडीत भगताने दिलेली मुळी आहे. ती मैत्रीण काही न बोलता परत पिशवीत ठेवते.

"या गोळ्या देताना कुणी हिला तपासलं होतं?"

"तपासलं ना. डोळे बघितले, नाडी बघितली."

"खाली?"

"खाली कशाला?" सासूला खरोखरच प्रश्न पडलेला दिसतो.

यात नवल नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९च्या जानेवारीत ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधी तपासणी होऊन उपचार मिळालेल्या होत्या ८ टक्के. साडेतीन दशकं उलटली. मुलीला सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही तर आधी तपासावं, मग गोळीचं बघावं, हा साधा क्रम अजून कितीतरी ठिकाणी उलटाच चालतो. गोळीने पाळी आणायची तर मुळात गर्भाची पिशवी जागेवर हवी.

मैत्रीण तिला माझ्याकडे बोट करून विचारते, ही बाई इथे बसली तर चालेल का, ही लिहिते, तुझं नाव-गाव कुठे येणार नाही. सिस्टर तिच्या बोलीत सांगतात. ती माझ्याकडे नीट निरखून बघते आणि मान हलवते. तपासताना मात्र मी पडद्याच्या अलीकडेच आहे. मला फक्त आवाज ऐकू येतात. मैत्रीण प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगते आणि सिस्टर ती बोलीत पुन्हा सांगतात. आता हात लावते. आता बघते. दुखलं तर बोल, मी थांबते.

मग माझ्यासाठी, म्हणजे केसपेपरसाठी, एकेक वाक्य बाहेर येतं. छातीची वाढ व्यवस्थित. काखेत, जांघेत केस व्यवस्थित. बाहेरचे सगळे अवयव नेहमीसारखे, लघवीची जागा जिथे हवी तिथे. योनिमार्गाच्या जागी मात्र आत जाणारी वाट नाही. बोटाच्या पेराएवढाही खोल नसलेला खळगा, आणि पुढे बंद.

केसांची नोंद मला उगीचच वाटते. तसं नाही. योनिमार्ग बंद आणि पाळी नाही, याची कारणं वेगवेगळी असू शकतात. काही जणींत गुणसूत्रं एक्स-वाय असतात आणि शरीर पुरुषी संप्रेरकांना दादच देत नाही. त्यांच्या अंगावर असे केस जवळजवळ येत नाहीत. काही जणींत पिशवी शाबूत असते, फक्त वाटेत पडदा आडवा आलेला असतो. मग दर महिन्याचं रक्त आत साठत राहतं, पोट फुगतं, लघवी अडते; पडदा उघडला की सुटका. इथे काय आहे ते पडदा नाही, पडद्यावरचं चित्र सांगेल.

सोनोग्राफीच्या खोलीत 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी. जेल गार आहे, पोटाला लागताच ती अंग आखडते. स्क्रीनवर मोठा काळा डाग दिसतो, ते भरलेलं मूत्राशय. त्याच्या मागे गर्भाशय दिसायला हवं. मैत्रीण प्रोब तिरका करते, दाबते, वर नेते, खाली आणते. मूत्राशयाच्या मागे सरळ आतडी. साठलेलं रक्तही नाही. मग ती बाजूला सरकते आणि थांबते. करड्या गोळ्यात बारीक काळे ठिपके.

"हा तुझा बीजकोश. हा एक, आणि..." प्रोब दुसऱ्या कुशीला जातो, "हा दुसरा. दोन्ही चांगले आहेत. काम करताहेत."

ती मान वळवून बघते. तिला तिथे काय दिसतं कोण जाणे, पण बघत राहते.

मला वाटतं, झालं. पण मैत्रीण प्रोब बरगड्यांखाली नेते. डावं मूत्रपिंड लगेच सापडतं. उजवीकडे तिला वेळ लागतो. कुशीवर वळवते, श्वास रोखायला लावते, पुन्हा शोधते. उजवं नाहीच. जन्मतः गर्भाशय नसण्याच्या या आजारात मूत्रपिंडं आणि मणकेही तपासायचे असतात, कारण पोटातल्या ज्या आठवड्यांत ही वाट घडते त्याच आठवड्यांत तेही घडत असतात. बऱ्याच जणींना एकच मूत्रपिंड असतं आणि त्यावर त्यांचं आयुष्य नीट जातं. फक्त ते एक जपायचं असतं. टेबलावरच्या डायक्लोफेनॅकच्या पट्ट्यांकडे आता मी वेगळ्या नजरेने बघते. पाळी आणायच्या गोळ्या फुकट गेल्या एवढंच. या पट्ट्या मात्र त्या एकट्या मूत्रपिंडाच्या मुळावर येऊ शकल्या असत्या.

खरा पेच इथून पुढे. सासू आणि आशा दोघी आत येऊन उभ्या राहिल्या आहेत. आशा सासूची भाची लागते, हे रजिस्टर लिहिताना कळलेलं आहे.

"मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा. आशाताई, तुम्हीही."

"मी आणलंय तिला. पैसे माझे आहेत."

"माहीत आहे. पण दुखणं तिचं आहे. आधी तिला सांगते. मग ती म्हणेल त्याला."

सासू गाल फुगवून बाहेर जाते. मैत्रिणीच्या या हट्टाचं कारण मला ठाऊक आहे. या डोंगरात देज मुलाकडचे देतात. लग्न मोडलं की पंच बसतात, देज परत मागितलं जातं, झगडा तोडायला पैसे ठरतात. शिवाय दुखण्याला कारण हवं असतं. कुणीतरी केलं, असं एकदा म्हटलं गेलं की गावातली एखादी म्हातारी डाकीण ठरते. दवाखान्यातलं एक अर्धवट वाक्य घाट चढून वर गेलं तर काय काय करू शकतं, हे इथे काम करणाऱ्याला कळतं. मोठ्या शहरातल्या किती डॉक्टरांना कळतं, याबद्दल मला शंका आहे. तिथेही अहवाल आधी नवऱ्याच्या हातात पडतो.

आत आता आम्ही चौघीच. मैत्रीण केसपेपर उलटा करते आणि बॉलपेनने दोन रेघा काढते, वरून दोन बाजूंनी येऊन खाली मिळणाऱ्या. पोटातल्या मुलीच्या अंगात अशा दोन नळ्या असतात. डोंगराच्या दोन अंगांनी दोन नाले उतरावेत आणि खाली एक व्हावेत, तशा त्या मिळतात. त्यातून पिशवी होते, आणि योनिमार्गाचा वरचा बराचसा भाग होतो. तुझ्या अंगात ते नाले खालपर्यंत आलेच नाहीत. बीजकोश दुसरीकडून येतात, म्हणून ते आहेत. म्हणून तुझी छाती वाढली, उंची वाढली, सगळं बाईचं आहे. पिशवी नाही, म्हणून पाळी नाही. गोळ्यांनी येणार नाही. कशानेच येणार नाही.

सिस्टर बोलीत सांगतात. मैत्रिणीच्या चार वाक्यांना त्यांना दहा लागतात.

ती विचारते, कुणी केलं?

"कुणी नाही. तुझ्या आईनेही काही केलं नाही, तूही नाही. साधारण पाच हजार मुलींत एक अशी जन्माला येते."

मी मनात हिशेब करते. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्हा साडेसोळा लाखांचा. निम्म्या बायका धरल्या तर अशा दीडशेच्या वर असायला हव्यात. दवाखान्यांपर्यंत त्यातल्या किती पोचल्या असतील? बाकीच्या कुठेतरी वांझ म्हणून, टाकलेली म्हणून, लग्नच न केलेली मोठी बहीण म्हणून राहत असणार. आजाराचं नाव लांबलचक आहे. मायर, रोकिटान्स्की, क्युस्टर, हाउझर, असे चार डॉक्टर; पहिल्याने १८२९मध्ये लिहिलं, शेवटच्याने १९६१मध्ये. चौघांची आद्याक्षरं मिळून एमआरकेएच. मी ती केसपेपरवर लिहिते.

ती बराच वेळ सिस्टरांच्या कानाशी बोलते. सिस्टर ऐकतात, तिच्या पाठीवरून हात फिरवतात आणि आम्हाला थोडक्यातच सांगतात. दीड वर्षं तिला वाटत होतं की आपणच अंग चोरतो. नवराही तसंच म्हणायचा. भांडणं झाली, एकदा ती माहेरी निघून गेली.

"तुझं काही चुकलेलं नाही," मैत्रीण म्हणते. "वाटच नव्हती. आता ऐक, ती करता येते."

पहिला उपाय शस्त्रक्रिया नाही, हे मलाही नवीन आहे. गुळगुळीत कांड्या असतात, डायलेटर म्हणतात, लहानापासून मोठ्यापर्यंत. खळग्यावर रोज थोडा वेळ, दुखणार नाही इतकाच दाब द्यायचा. कातडी हळूहळू ताणली जाते आणि काही महिन्यांत पुरेशी खोली होते. बहुतेक जणींना एवढ्यावर भागतं. नाहीच जमलं तर ऑपरेशन. पण हे तिला स्वतःला हवं असेल तेव्हाच, घाई कुणाचीच नको, नवऱ्याचीही नको. आणि रोज दार लावून घेता येईल अशी जागा पाहिजे.

ती हसते. आज पहिल्यांदाच. ऊसतोडीच्या पडावावर, ताडपत्रीच्या झोपडीत, दार?

"मग होळीनंतर सुरू करू," मैत्रीणही हसते.

मूल? ते ती स्वतः विचारत नाही. सिस्टरच विचारतात. मैत्रीण म्हणते, ते त्याच्यासमोर बोलू का? ती म्हणते, त्याला बोलवा. सासूला नाही, त्याला.

नवरा आत येतो, खुर्चीच्या टोकावर बसतो. तेवीस-चोवीसचा पोरगा. उलट्या केसपेपरवरच्या रेघा पुन्हा एकदा गिरवल्या जातात. तो ऐकतो आणि खिशातून मोबाइल काढतो. त्याने व्हिडिओ पाहिलेला आहे. पुण्याला पिशवी बसवतात.

खरं आहे. १८ मे २०१७ला पुण्याच्या गॅलेक्सी केअरमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या चमूने भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. सोलापूरची एकवीस वर्षांची बाई, जन्मतः गर्भाशय नसलेली. तिला आईचं गर्भाशय बसवलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तिथेच अशा प्रत्यारोपणानंतर मूल जन्मलं, ते मात्र भडोचच्या बाईला, आणि तिचा आजार वेगळा होता. भडोच म्हटल्यावर नवरा मान वर करतो. दवाखान्यासमोरचा रस्ता तिकडेच जातो.

मैत्रीण उत्साह दाखवत नाही. बसवलेली पिशवी शरीराने नाकारू नये म्हणून औषधं घ्यावी लागतात, ती मूत्रपिंडाला जड. हिचं एकच आहे. २०१४ला स्वीडनमध्ये जगातलं असं पहिलं बाळ झालं, त्याच्या आईलाही हाच आजार होता आणि मूत्रपिंडही एकच. तिचा रक्तदाब वाढला आणि आठवा महिना संपायच्या आत बाळ काढावं लागलं. अशक्य नाही, पण हिच्यासाठी पहिला रस्ता तो नव्हे. बीज हिचं, पिशवी दुसरीची, असंही होतं. २०२१चा सरोगसीचा कायदा पिशवी नसलेल्या बाईला ती परवानगी देतो, पण पोटात वाढवणाऱ्या बाईला पैसे द्यायचे नाहीत आणि कागद ढीगभर. बाईचं वय तेवीस आणि पुरुषाचं सव्वीस पूर्ण लागतं. दत्तक घेता येतं. यातलं काहीही आज ठरवायचं नाही.

"म्हणजे दोष हिचा नाही," नवरा म्हणतो. प्रश्न आहे की विधान, मला कळत नाही.

"कुणाचाच नाही."

तो बायकोकडे बघून त्यांच्या बोलीत काही म्हणतो. ती फटकन उत्तर देते. सिस्टर खाली मान घालून हसू दाबतात. मी विचारते, तर म्हणतात, "ते नवरा-बायकोचं आहे, लिहू नका."

सासूला काय सांगायचं हे तिनेच ठरवलं आहे. पिशवी नाही, हे सांगायचं; बाकीचं नाही. सासू आत येते, ऐकते, मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरते. देजाचं काही काढते की काय म्हणून मी धास्तावते. तिचा प्रश्न निराळाच.

"टोळीत न्यायची की नाही? मुकादमाची उचल घेतली आहे. ही नाही आली तर जोडीचा कोयता मोडतो."

"न्या. पाणी भरपूर पिऊ द्या. लघवीला जळजळ झाली, ताप आला, तर तिथल्या दवाखान्यात लगेच जायचं. मूत्रपिंड एकच आहे हे सांगायचं, हा कागद दाखवायचा. आणि दुखलं तरी ती गोळी नाही."

"मग दुखल्यावर काय?"

"पॅरासिटामॉल. आणि होळीनंतर एमआरआय करू, का दुखतं ते कळेल. कधी याल?"

तिघांची आपसात बोलणी होतात. काठी गावच्या होळीला ते गावी परततातच. त्याच्या पुढच्या आठवड्यात, नवरा म्हणतो. सासू म्हणते, त्याच्या पुढच्या. मधे भावाच्या घरी लग्न आहे. ती म्हणते, लग्नाला तुम्ही जा, मी इकडे येते.

मैत्रीण तारीख घालायला रजिस्टर माझ्याकडे सरकवते.