कोलेस्टेरॉलची गोळी आणि जंतुसंसर्ग



पालकसभा आटोपल्यावर चहाच्या वेळी एका पालकांनी आम्हाला विचारले, "आमच्या बाबांना ताप आहे. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले आहे. त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी चालूच ठेवायची की बंद करायची? ती गोळी जंतूंशीही लढते असे कोणी म्हणत होते, ते खरे का?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर एका वाक्यात देता येईना. आज घरोघरी आजी-आजोबांच्या डब्यात ही गोळी असते. म्हणून या अंकात हा विषय घेत आहोत.

प्रथम कोलेस्टेरॉलविषयी. हा शब्द आपण शत्रूचे नाव घ्यावे तसा घेतो. प्रत्यक्षात शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते. पित्तरस, काही संप्रेरके व 'ड' जीवनसत्त्व तयार होण्यासाठीही ते लागते. यकृत ते स्वतः बनवते. रक्तात त्याचे प्रमाण फार वाढले की ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचते. त्यातून पुढे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो.

हे प्रमाण उतरवणाऱ्या मुख्य औषधांना स्टॅटिन म्हणतात. अॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन ही त्यातली नावे. शेवटी 'व्हास्टॅटिन' आले की ओळखावे. पहिले स्टॅटिन १९७३ साली जपानमधील अकिरा एंडो यांना सापडले, तेही बुरशीत! पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांचा आदर्श समोर ठेवून त्यांनी सुमारे सहा हजार प्रकारच्या बुरश्या तपासल्या. शेवटी तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत हवा तो पदार्थ मिळाला. १९८७ पासून या गटातील औषध अमेरिकेत रुग्णांना मिळू लागले. एंडो यांचे २०२४ साली निधन झाले. या औषधांनी जगात असंख्य लोकांचे आयुष्य वाढवले आहे.

आता जंतूंचा संबंध कुठे येतो ते पाहू. शेतातल्या पाटाचे उदाहरण घ्या. मुख्य पाटावर दार बसवून पाणी कमी केले, तर ज्या वावरासाठी दार बसवले त्याचेच पाणी कमी होत नाही. पुढे फुटणाऱ्या सगळ्या लहान पाटांचे कमी होते. यकृतात कोलेस्टेरॉल बनण्याच्या वाटेवर स्टॅटिन असेच दार लावते. त्या वाटेवरून पुढे काही इतर पदार्थही तयार होतात आणि पांढऱ्या पेशींच्या आतले निरोप पोचवण्यासाठी ते लागतात. पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे शिपाई. तेव्हा या गोळीचा परिणाम शिपायांवरही होणार, हे ओघाने आले.

तो परिणाम चांगला की वाईट? येथे गंमत आहे. पांढऱ्या पेशी जंतूंना दोन-तीन प्रकारे मारतात. एक म्हणजे जंतू गिळून आत जाळणे. दुसरा प्रकार बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवला : काही पेशी स्वतःच्या डीएनएचे धागे बाहेर फेकतात आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे जंतूंना अडकवतात. २०१० साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथील संशोधकांनी स्टॅटिन दिलेल्या पेशी पाहिल्या. त्यांची गिळण्याची व जाळण्याची ताकद कमी झाली होती, पण जाळी टाकणे वाढले होते. गळू-करटांना कारण होणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू अशा पेशींनी अधिक मारला. म्हणजे एक हत्यार बोथट झाले, तर दुसरे धारदार.

आपल्या जवळचे उदाहरणही आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डॉ. अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने पेशीच्या आवरणातील कोलेस्टेरॉलवर दीर्घकाळ काम केले. स्टॅटिनने पेशीतील कोलेस्टेरॉल कमी केल्यावर काळा आजाराच्या परजीवीचा संसर्ग घटतो, असे त्यांना दिसले. हा परजीवी जिवाणू नव्हे, पण पेशीत शिरायला त्यालाही आवरणातले कोलेस्टेरॉल लागते. क्षयाचा जंतू तर आपल्याच शरीरातील कोलेस्टेरॉल अन्न म्हणून वापरतो, हे २००८ साली दाखवले गेले.

मग स्टॅटिन हे जंतुसंसर्गावरचे औषध झाले का? तसे वाटण्याजोगी आकडेवारी पुढे आली होती. २००६ साली कॅनडातील सुमारे ६९ हजार हृदयरुग्णांच्या नोंदींत स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये सेप्सिस, म्हणजे संसर्गाने सर्व शरीर कोलमडणे, सुमारे एक पंचमांशाने कमी आढळले. परंतु त्याच वर्षी कॅनडातच न्यूमोनियाच्या तीन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. वय, इतर आजार, लसीकरण वगैरे सर्व बाबी हिशेबात घेतल्यावर स्टॅटिनचा फायदा उरला नाही.

असे का व्हावे? विद्यार्थ्यांनो, ज्या मुलांचे दप्तर रोज नीट आवरलेले असते त्यांना बहुधा गुण चांगले पडतात. म्हणून दुसऱ्याचे दप्तर आवरून दिल्याने त्याचे गुण वाढत नाहीत. दप्तर आवरणारा मुलगा अभ्यासही नियमित करतो, हे खरे कारण. तसेच, जो माणूस वर्षानुवर्षे न चुकता गोळी घेतो, तो बहुधा तपासण्याही करतो आणि तंबाखूपासून दूर राहतो. फायदा गोळीचा की सवयींचा, हे नुसत्या नोंदींवरून कळत नाही.

ते कळण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने रुग्णांचे दोन गट करतात. एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधाविना गोळी. अशा चाचण्याही झाल्या. २०१३ साली फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया झालेल्या ३०० रुग्णांची, आणि २०१४ साली अमेरिकेत सेप्सिसमुळे फुप्फुसे निकामी होऊ लागलेल्या ७४५ रुग्णांची चाचणी फायदा दिसत नसल्याने मध्येच थांबवण्यात आली. तेव्हा आजचे उत्तर असे : प्रयोगशाळेत परिणाम दिसतो, परंतु संसर्ग झाल्यावर उपचार म्हणून स्टॅटिन द्यावे असा पुरावा नाही. जंतूंवर अँटिबायोटिकच लागते, आणि कोणते लागते ते डॉक्टर ठरवतात.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. येथे खरी सावधगिरी हवी. क्लॅरिथ्रोमायसिन व एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिके सिम्व्हास्टॅटिन किंवा अॅटोर्व्हास्टॅटिनबरोबर घेतली, तर स्टॅटिन शरीरातून बाहेर पडत नाही व रक्तात साचते. त्याने स्नायू दुखू लागतात, क्वचित स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होतात. उलट क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध अनेक स्टॅटिनांचा प्रभाव कमी करते. म्हणून काही वेळा डॉक्टर गोळी थोडे दिवस थांबवतात किंवा अँटिबायोटिक बदलतात. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करणे, विशेषतः हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याने, धोक्याचे आहे.

आपल्या आदिलाबादकडची अडचण निराळी आहे. हृदयाचे डॉक्टर नागपूरचे किंवा हैदराबादचे, तापाचे डॉक्टर गावातले, आणि मधल्या काळात एखादी गोळी मेडिकलमधून आणलेली. एकाने काय दिले ते दुसऱ्याला ठाऊक नसते. चिठ्ठी कधी मराठीत समजावलेली, कधी तेलुगूत. आजोबा सांगतात, "ती पांढरी गोळी, रात्रीची." एवढ्यावर डॉक्टर तरी काय करणार?

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम देतो. येत्या रविवारी आजी-आजोबांजवळ बसा. त्यांच्या प्रत्येक गोळीच्या पाकिटावरचे नाव व मिलिग्रॅमचा आकडा जसाच्या तसा एका कागदावर उतरवा. कधी घेतात व कोणत्या डॉक्टरांनी दिली तेही लिहा. कागद औषधांच्या डब्यात ठेवा आणि कोणत्याही दवाखान्यात जाताना, मेडिकलमध्येही, तो दाखवा. गोळ्या चालू असताना अंग विनाकारण फार दुखले किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आजोबांना अक्षर दिसत नसेल, पण तुम्हाला वाचता येते. शाळेत शिकलेल्या अक्षराचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी सुचत नाही.