किराणा घ्यायला गेलो आणि तिथंच जेवलो

आज खाण्यापिण्याचं बोलू या. पण पाककृती नाही हं, आज आहे तो हिशोब.

जिल्ह्याच्या गावी आता मोठी किराणा दुकानं झाली आहेत. आपण त्यांना सरळ मॉलच म्हणतो. डाळ-तांदूळ, साबण, चादरी सगळं एका छताखाली, आणि एका बाजूला नाहीतर वरच्या मजल्यावर खाण्याचे स्टॉल. डोसा, पावभाजी, पिझ्झा, आइस्क्रीम, मधे टेबलं-खुर्च्या. त्याला फूड कोर्ट म्हणतात.

दिवाळीच्या खरेदीला आम्हीही गेलो होतो. मी, जाऊबाई, सासूबाई आणि दोन पोरं. स्टॉलवर रोख घेत नव्हते. आधी खिडकीवर पैसे भरून कार्ड घ्यायचं आणि ते स्टॉलवर द्यायचं. जाऊबाईंनी 500 रुपये भरले. खाणं झालं 385 चं. उरलेले 115 मागायला गेलो तर खिडकीतला मुलगा म्हणाला, "परत मिळत नाहीत मॅडम, पुढच्या वेळी वापरा." आमचं गाव तिथनं एसटीनं दीड तास. पुढची वेळ कधी यायची? मागं रांग वाढलेली, चार लोक बघतायत. जाऊबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, चल." मग नको असताना 115 रुपयांचं आइस्क्रीम घेतलं आणि सासूबाईंना आठवडाभर खोकला पुरला.

त्या "जाऊ दे" ची मला फार चुटपुट लागली. घरी कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवर घासाघीस करणाऱ्या आम्ही, तिथं एक प्रश्न विचारायला लाजलो. म्हणून मग नीट माहिती काढली, ती तुम्हाला सांगते.

पहिलं म्हणजे कार्ड. पैसे भरायच्या आधी विचारायचं, "उरलेले परत मिळतात का? कार्डाचे वेगळे पैसे आहेत का? किती दिवस चालतं?" बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी मागितले तर परत देतात, पण आपणहून कोणी सांगत नाही. अटी कार्डाच्या मागं बारीक अक्षरात असतात. आधी काय खायचं ते ठरवा, बेरीज करा आणि तेवढेच भरा. कमी पडले तर पुन्हा भरता येतात. स्टॉलवर थेट फोननं पैसे घेत असतील तर कार्डाच्या भानगडीत पडूच नका.

आता भाव. खाली दुकानात पाकिटावर छापलेली किंमत, म्हणजे एमआरपी, सगळे कर धरून असते. तिच्यावर एक पैसाही जास्त घेता येत नाही. स्टॉलचं तसं नसतं. फलकावर डोसा 120 लिहिलेला आणि बिल येतं 126 चं. ते सहा रुपये म्हणजे पाच टक्के जीएसटी, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. ती काही फसवणूक नाही. पण बिलावर जीएसटीचा 15 अक्षरांचा नंबर हवा. काही लहान स्टॉल जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही.

पाण्याच्या बाटलीवरून तर नेहमी वाद होतो. खाली 20 ची बाटली, वर 40 ला. सर्वोच्च न्यायालयानं 12 डिसेंबर 2017 ला सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटात बाटलीबरोबर बसायची जागा आणि सेवाही असते, म्हणून तिथं एमआरपीचं बंधन नाही. फूड कोर्टात बाटली आपणच उचलून आणतो, तेव्हा कसली सेवा, असं मला वाटतं, पण भांडणात वेळ घालवण्यापेक्षा घरनं पाणी न्यावं हे बरं. मात्र एक लक्षात ठेवा. त्याच मालाच्या, तेवढ्याच मापाच्या पाकिटावर दोन वेगळ्या एमआरपी छापायला 1 जानेवारी 2018 पासून बंदी आहे.

आणि सर्व्हिस चार्ज. ताट आपण आणलं, उचलून आपणच ठेवलं, तरी बिलात तो दिसला तर काढायला सांगा. हा चार्ज आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला बजावलं आहे आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. द्यायचा की नाही ही आपली मर्जी.

प्रत्येक स्टॉलचा मालक बहुतेक वेगळा असतो. दुकानाचं नाव मोठं म्हणून स्वयंपाक त्यांचाच असेल असं नाही. अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर स्टॉलवर लावलेला असतो, बिलावरही असायला हवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच नंबर उपयोगी पडतो. उपवासवाल्यांनी आणि शाकाहारी बायकांनी एक जास्तीचा प्रश्न विचारावा, "तळणाची कढई एकच आहे का?" साबुदाणा वडा ज्या तेलात, त्याच तेलात दुसरं काय काय तळलंय हे फलकावर लिहिलेलं नसतं. आमच्या सासूबाईंनी हे विचारलं आणि चतुर्थीला नुसतं केळं खाल्लं.

खायचं आधी की खरेदी आधी? मी म्हणते, खाणं आधी. भुकेल्या पोटी हात उगाच बिस्किटांच्या नि फरसाणाच्या पाकिटांकडे जातो, पोरांचा तर जातोच जातो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आधी खरेदी केली आणि दूध, पनीर, गोठवलेले मटार पिशवीत घेऊन तासभर डोसा खात बसलो, वर दीड तासाची एसटी, म्हणजे अडीच तास झाले. असा माल फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, 32 अंशांच्या वर, तासाभरापेक्षा जास्त नाही. पनीर दिसायला चांगलंच दिसतं, त्रास दुसऱ्या दिवशी होतो. म्हणून आधी खाऊन घ्या, मग कोरडा किराणा, आणि गार माल अगदी शेवटी, बिलाच्या रांगेत उभं राहताना. मटाराचं पाकीट आणि पनीर एकाला एक लावून वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळा, पिशवीच्या मधोमध ठेवा. घर फार लांब असेल तर पनीर गावातूनच घ्या.

बिलं मात्र घरी येईपर्यंत टाकायची नाहीत. खाण्याचं वेगळं, किराण्याचं वेगळं, दोन्ही जपून ठेवा. काही चुकलं असं वाटलं तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ते बिलाचा फोटो मागतात, स्टॉलचं नाव आणि तारीख विचारतात. आमच्याकडं त्या दिवसाचं कार्डाचं बिलच नव्हतं, आइस्क्रीमच्या कागदाबरोबर तेही कचऱ्यात गेलं होतं.