कॉलेज उघडण्याआधीचे दहा दिवस

धानाची रोवणी आटोपत आली की माझ्या दवाखान्यात दरवर्षी एक निराळी गर्दी सुरू होते. पुढे हातात फॉर्म घेतलेला मुलगा किंवा मुलगी, मागे वडील. कुणाला किरगिझस्तान, कुणाला जॉर्जिया, कुणाला रशिया. डॉक्टर होण्यासाठी गोंदिया जिल्ह्यातून परदेशी जाणारी मुले आता नवलाईची राहिलेली नाहीत. त्यांना तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही हवी असते. छाती तपासायची, रक्तदाब घ्यायचा, शिक्का मारायचा. दोन मिनिटांचे काम, आणि मीही ते दोन मिनिटांतच उरकत असे.

अलीकडे या मुलांनी एक नवा प्रघात पाडला आहे. कॉलेज सप्टेंबरात उघडणार असले तरी चार मित्र मिळून आठ-दहा दिवस आधीच निघतात. एकदा शरीररचनाशास्त्राचे पुस्तक उघडले की मान वर काढायला मिळणार नाही, तेव्हा आधी देश पाहून घ्यायचा. "पोरगं म्हणून राहिलं, पहिले फिरून घेतो मंग शिकतो," असे एक वडील तक्रारीच्या सुरात सांगत होते. मला विचाराल तर कल्पना चांगली आहे. मी नागपूरला मेडिकलला गेलो तेव्हा पहिले चार दिवस सीताबर्डी पायाखाली घालण्यातच घालवले होते. फरक इतकाच की सीताबर्डी समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटर उंच नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्याच सहीचा दाखला घेऊन गेलेला देवरीकडचा एक मुलगा मित्रांबरोबर किरगिझस्तानात फिरायला निघाला. इसिक-कुल सरोवर पाहिले. तिथे काठावर उभे राहिले तरी आपण १६०७ मीटरवर असतो, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर. तिथून ही मंडळी काराकोल गावाहून पायी आला-कुल तळ्याकडे चढली. हे तळे सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. आपला गोंदिया जेमतेम तीनशे मीटरवर. चढताना कुणी धड पाणी प्यायले नाही, थंडीत तहान लागतच नाही. तळ्यापाशी पोचता पोचता या मुलाच्या पोटात डाव्या बाजूला, बरगडीखाली, भयंकर कळ आली आणि उलट्या सुरू झाल्या. मित्रांना वाटले बाहेरचे खाणे बाधले. खाली उतरायला दुसरा दिवस उजाडला. इस्पितळात सोनोग्राफी झाली तेव्हा पाणथरीचा (प्लीहेचा) एक भाग रक्तपुरवठा तुटून मेलेला दिसला. मुलगा सिकलसेलचा वाहक होता.

तो वाचला, आज तिसऱ्या वर्षाला आहे. पण वडील इथे येऊन बसले तेव्हा हळूच म्हणाले, "शाळेत तपासणी झाली होती डॉक्टर साहेब. कार्ड भेटलं होतं. पेटीत ठेवून देलं." का, हे मी विचारले नाही. घरात लग्नाची मुलगी होती. तिच्या सोयरिकीत ते कार्ड आड येईल ही भीती आपल्याकडे किती घरांत आहे, हे मला ठाऊक आहे. चूक त्यांची जितकी, तितकीच माझीही. सही करण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारला असता तर पुरे होते.

सिकलसेल विदर्भाला नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच मध्य भारतातील या दोषाविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आला तर मूल वाहक होते, दोघांकडून आला तर रुग्ण. वाहकाला एरवी काहीही होत नाही. तो शेत नांगरतो, क्रिकेट खेळतो, आणि हे त्याने खुशाल करावे. पण विरळ हवा, दमछाक आणि शरीरात पाणी कमी, हे तिन्ही एकत्र आले तर त्याच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. असे क्वचित घडते, पण घडते. जो रुग्णच आहे त्याला तर नुसती थंडी आणि तहानही पुरते. आपल्याकडे हा आजार पुष्कळांत सौम्य असतो, त्यामुळे अठरा वर्षांचा मुलगा "अधूनमधून सांधे दुखतात" एवढ्यावर निदानाशिवाय राहिलेला मी पाहिला आहे.

वैद्यकशास्त्राला या रोगाची पहिली ओळख झाली तीही परदेशी शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्यामुळेच. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून १९०४ मध्ये दंतवैद्यक शिकायला शिकागोला आला. डिसेंबरच्या थंडीत तो इस्पितळात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला त्याच्या रक्तात विचित्र, लांबट पेशी दिसल्या आणि त्यावर डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. नोएल पदवी घेऊन मायदेशी परतला, तिथे दंतवैद्य म्हणून त्याने काम केले आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने गेला. त्याच्या वेळी कुणालाच काही माहीत नव्हते. आपल्याकडे सोल्युबिलिटी चाचणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक की रुग्ण हे ठरते.

आता जाणाऱ्या मुलांशी बोलतो. वाहक असाल तर घाबरू नका. कागद पासपोर्टबरोबर ठेवा आणि सोबतच्या एका तरी मित्राला सांगून ठेवा, कारण कळ आल्यावर तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसाल. अडीच हजार मीटरच्या वर जायचे तर एका दिवसात धावत जाऊ नका, पाणी पीत राहा, आणि डाव्या कुशीत दुखले की वाट न पाहता खाली उतरा. डोके दुखून मळमळू लागले तर उतरणे सर्वांनाच लागू. रुग्ण असाल तर अशा डोंगरवाटा सोडा. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा आणि न्यूमोकॉकसची लस घेऊनच निघा.

आपल्या जंगलपट्ट्यातून आणखी एक पाहुणा सोबत जाऊ शकतो, तो म्हणजे मलेरिया. जुलै-ऑगस्टमध्ये सालेकसा-देवरीकडे चावलेला डास आपला हिशोब बिश्केकला चुकता करतो. फाल्सिपेरम बहुधा महिन्याभरात उठतो, व्हायव्हॅक्स कित्येक महिन्यांनीही. जागतिक आरोग्य संघटनेने किरगिझस्तानला २०१६ मध्ये आणि जॉर्जियाला २०२५ मध्ये मलेरियामुक्त जाहीर केले. तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी मलेरियाचा रोगी पाहिलेलाही नसेल. ताप आला की आपणच म्हणायचे, मी मलेरियाच्या भागातून आलो आहे, रक्त तपासा. रशियन भाषेतही शब्द 'मल्यारिया'च आहे, अडचण पडणार नाही. रुग्णवाहिकेसाठी किरगिझस्तानात १०३, जॉर्जियात ११२.

या दहा दिवसांत वसतिगृह मिळालेले नसते, कॉलेजचा विमा पुष्कळदा सुरू झालेला नसतो. प्रवासाचा विमा निघाल्या दिवसापासूनचा घ्या. आणि अनोळखी नदीत उतरू नका. जून २०२४ मध्ये रशियात वेलिकी नोव्हगोरोद येथे व्होल्खोव नदीत चार भारतीय विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातली मुले होती.

यंदा ज्या वडिलांनी "पहिले फिरून घेतो" ची तक्रार केली, त्यांच्या मुलाचा दाखला मी अडवून धरला. आधी रक्त. तो वाहक निघाला. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मुलानेच नकाशा काढला. इसिक-कुल ठेवले, तेही मधे मुक्काम करून. आला-कुल खोडले. वडिलांनी विचारले, "याच्या बहिणीले बी असन का?" मी म्हटले, असेल किंवा नसेल, आणि तुम्हा दोघांपैकी एकाला तरी नक्कीच आहे. सोमवारी चौघेही आरोग्य केंद्राच्या बाकावर बसले होते.