गोदावरीचा अपुरा जलमार्ग आणि खानदेशचा लोहमार्ग

जळगावची कापसाची पेठ व भुसावळचे जंक्शन ही दोन्ही ज्या लोहमार्गामुळे भरभराटीस आली, त्या मार्गाला एके काळी पाण्याचा एक प्रतिस्पर्धी होता, ही गोष्ट खानदेशच्या इतिहासाच्या अभ्यासकांच्या सहसा ध्यानी येत नाही. वऱ्हाड-नागपूरचा कापूस पश्चिमेस मुंबईकडे न नेता वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांतून नावांनी आग्नेयेस काकिनाडा बंदराकडे न्यावा, अशी ती योजना होती.

तिचा पुरस्कर्ता सर आर्थर कॉटन. धवळेश्वरम येथे १८५२ साली पुऱ्या झालेल्या बंधाऱ्यातून त्याने काढलेले कालवे शेतीला पाणी देत आणि नावाही वाहून नेत. हीच सोय नदीच्या वरच्या अंगाला करता येईल, असे त्याचे म्हणणे होते. वाटेत दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी या तीन ठिकाणी खडकांचे अडसर होते. प्रत्येकाला वळसा घालणारा कालवा खणावयाचा व त्यात जलपाश बांधावयाचे. जलपाश म्हणजे दोन दारांमधील पाण्याची कोठी. तीत पाणी भरले की नाव वर चढते, सोडले की खाली उतरते. १८६० च्या तहाने निजामाकडून डाव्या तीरावरील सिरोंचाचा मुलूख इंग्रजांकडे आला व गोदावरीवरील वाहतुकीची जकात उठली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि कापसाचे भाव कडाडले. कॅप्टन हेगच्या देखरेखीखाली कामे चालली. दुम्मागुडेमचे काम बऱ्याच अंशी झाले, पुढची दोन अपुरी राहिली, आणि १८७१ मध्ये सरकारने सारेच थांबविले.

अपयशाचे खापर बहुधा नदीवर फोडण्यात येते. पावसाळ्याचे काही महिने सोडले तर पात्रात पुरेसे पाणी नसे, हे खरेच. परंतु माझ्या मते निर्णायक कारण दुसरे होते. लोहमार्ग जितका होईल तितका उपयोगी पडतो. तीन अडसरांपैकी एक ओलांडणारा जलमार्ग मात्र दूरच्या व्यापाऱ्याच्या लेखी शून्यच. १८६५ मध्ये थळ घाटातून गाडी वर आली. भुसावळहून फुटलेला फाटा १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. ज्या कापसासाठी नदी मोकळी करावयाची, तो कापूस खानदेशातून मुंबईस जाऊ लागला होता. कॉटनने पुढेही, १८७८ च्या पार्लमेंटरी समितीपुढे, जलवाहतूक स्वस्त असल्याचाच पक्ष मांडला. दराचा त्याचा हिशेब चूक होता असे मला वाटत नाही. पण व्यापाऱ्याला केवळ स्वस्ताई नको असते, बारमाही खात्रीही हवी असते.

भाषेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट दिसते. या योजनेचे कागद वाचताना ‘कालवा’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात शेतच उभे राहते. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधारा, पाट, चारी, पाटकरी असा भरगच्च शब्दसंग्रह आहे. तो सगळा पाणी वाटण्याचा, नाव नेण्याचा नव्हे. ज्याच्यातून जहाज जाते असा आपल्या बोलण्यातला कालवा परदेशीच असतो: सुएझचा किंवा पनामाचा. ‘जलपाश’ हा शब्द तर ग्रंथांबाहेर पडलाच नाही. जी वस्तू गावाच्या शिवारात आली नाही तिचे नाव लोकांच्या तोंडी रुळावे कसे? (‘आनिकट’ हा मूळचा तमिळ शब्द इंग्रजीच्या वाटेने सरकारी कागदांत हिंडला, पण मराठीत ‘बंधारा’ आधीच असल्यामुळे त्याला घर मिळाले नाही.) म्हणून गोदावरीची ही योजना सिंचनाची होती असा ग्रह विद्यार्थ्यांनी करून घेऊ नये, तिचा मूळ हेतू माल वाहण्याचा होता.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने जे १११ जलमार्ग ठरविले, त्यांत वैनगंगा-प्राणहिता आहे आणि हतनूर धरणापासून समुद्रापर्यंतची आपली तापीही आहे. तापीच्या या वाटेवर उकाई व काकरापार येथे नदी आडवी बांधलेली आहे. ती पायरी नावेने कशी उतरावयाची, हा प्रश्न हेगच्या प्रश्नाहून फारसा निराळा नाही.