शेजारी बदलला की चुंबक बदलतो

घाटकोपर-चेंबूरकरांना ट्रॉम्बे म्हटलं की भाभा अणुसंशोधन केंद्र आठवतं आणि युरेनियम म्हटलं की अणुभट्टीचं इंधन. १९५९ साली अणुभट्टीच्या दर्जाचा युरेनियम धातू इथेच तयार झाला. पण या धातूचं एक दुसरं, फार देखणं रूप आहे. त्याची काही संयुगं अतिथंड झाल्यावर लोखंडासारखी चुंबक होतात.

त्याचं मूळ युरेनियमच्या ‘पाच-एफ’ नावाच्या इलेक्ट्रॉनांत आहे. गॅडोलिनियमचे चुंबकी इलेक्ट्रॉन आपल्या अणूचं घर सोडत नाहीत, लोखंडाचे धातूभर हिंडतात. युरेनियमचे मात्र उंबरठ्यावर उभे असतात. शेजारचे दोन युरेनियम अणू ३.५ अँगस्ट्रॉमपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तीस लाखाव्या भागापेक्षा, जवळ आले की चुंबकत्व सहसा मावळतं, असं भौतिकशास्त्रज्ञ हिल यांनी १९७० साली दाखवलं.

युरेनियम, ऱ्होडियम आणि जर्मेनियम यांचं संयुग नेमकं या सीमेवर बसतं. ते ९.५ केल्विनला, म्हणजे उणे २६३ अंशांच्याही खाली, चुंबक होतं. आता ऱ्होडियमच्या जागी थोडा थोडा कोबाल्ट घालायचा. लोकलच्या बाकावर चौथा माणूस बसला की तिघांनाही सरकावं लागतं. इथे उलट घडतं: कोबाल्ट लहान, म्हणून स्फटिक आकसतो आणि युरेनियमचे अणू जवळ येतात. मग चुंबकत्व घटायला हवं ना? पण ते वाढतं! सुमारे ६० टक्के कोबाल्टला चुंबक होण्याचं तापमान २० केल्विनपर्यंत चढतं, मग घसरत पूर्ण कोबाल्टच्या संयुगात जेमतेम ३ केल्विनवर येतं. शेजारच्या ऱ्होडियम-कोबाल्टच्या इलेक्ट्रॉनांशी होणारी मिसळण आधी युरेनियमच्या अणूंमधला दुवा घट्ट करते. ती वाढत गेली की तीच इलेक्ट्रॉनांना घराबाहेर ओढते.

म्हणजे नुसत्या आकारावर काही ठरत नाही. रुथेनियम आकाराने ऱ्होडियमच्या जवळचा, फक्त त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी. तरी ३८ टक्के रुथेनियमला ऱ्होडियमच्या संयुगातलं चुंबकत्व संपतं. हाच रुथेनियम कोबाल्टच्या संयुगात घातला, तर दहा टक्क्यांच्या आसपास चुंबकत्व आधी ८ केल्विनच्या पुढे जातं आणि मगच विझतं.

या धडपडीमागे मोठं कुतूहल आहे. चुंबकत्व आणि अतिवाहकता, म्हणजे वीज विनारोध वाहून नेण्याचा गुण, यांचं सहसा हाडवैर. पण ऱ्होडियमच्या संयुगात २००१ साली आणि कोबाल्टच्या संयुगात २००७ साली ती दोन्ही एकत्र नांदताना सापडली. चुंबकत्व विझण्याच्या काठाशी असं काय घडतं, हे अणू बदलून बदलून तपासता येतं.

असं चुंबकत्व आतून पाहण्याचं साधन म्हणजे न्यूट्रॉन. त्यावर विद्युतभार नसतो, पण तो स्वतः एक इवलासा चुंबक असतो, म्हणून स्फटिकातून विखुरताना कोणता अणू कोणत्या दिशेला चुंबकित आहे, ते सांगून जातो. ट्रॉम्बेतल्या १०० मेगावॅटच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतून १९८५ पासून असे न्यूट्रॉन मिळू लागले. इंधन म्हणून तिच्यात जळतं ते युरेनियमच.